अक्षर आधी की शब्द? पहिलीतल्या मुलाला मराठी वाचायला शिकवताना

पहिलीच्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं यावर पुण्यातल्या शाळांत आणि घरांत दोन तट दिसतात. एका बाजूचा क्रम ठरलेला असतो: अ ते ज्ञ मुळाक्षरं, मग पाठ केलेली बाराखडी, मग बिनकान्याचे शब्द, मग कान्याचे, आणि वाक्य पार शेवटी. दुसरी बाजू म्हणते, अक्षरं सुटी शिकवूच नका. मुलाला गोष्टींत राहू द्या, शब्द डोळ्यांखालून जात राहिले की अक्षरं आपोआप उमगतील. पहिल्या वाटेने गेलेलं मूल अक्षरं घडाघडा म्हणतं, पण ‘दार’ लिहून दाखवलं तर गप्प बसतं. दुसऱ्या वाटेने गेलेलं मूल पुस्तक हातात धरून छान बोलतं, पण नवा शब्द आला की त्याची नजर चित्राकडे जाते.

इथे दिलेल्या रीतीत अक्षरं नेमकेपणाने आणि क्रमाने शिकवायची आहेत, पण सगळी संपेपर्यंत थांबायचं नाही. चार-पाच अक्षरं आणि एक मात्रा, म्हणजे काना-वेलांटीसारखी स्वराची एखादी खूण, आली की त्याच आठवड्यात शब्द आणि वाक्य वाचायला द्यायचं. शिवाय रोज, अगदी पहिल्या दिवसापासून, मोठ्या माणसाने गोष्ट वाचून दाखवायची. रोज अर्धा तास दिला, तर जूनमध्ये सुरू केलेलं काम दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे जोडाक्षरांपर्यंत येतं.

वाद मूळचा इंग्रजीचा, आपली अडचण वेगळी

या वादातलं बरंचसं इंग्रजीतून आलं आहे. अमेरिकेतले वाचनाचे अभ्यासक केनेथ गुडमन यांनी १९६७ साली वाचन म्हणजे अर्थाच्या आधाराने केलेला अंदाजाचा खेळ आहे अशी मांडणी केली, आणि तिच्यातून ‘अक्षरं सुटी नकोत’ हा विचार बळावला. पुढे अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली उपलब्ध संशोधन तपासून कौल दिला, की अक्षर आणि ध्वनी यांचं नातं पद्धतशीर शिकवणंच मुलांना जास्त उपयोगी पडतं. मात्र त्यासोबत ध्वनींची जाणीव, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन या चार गोष्टीही त्याच अहवालात आहेत. आपल्याकडे अहवालाचा अर्धा भागच सांगितला जातो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी त्याआधीच, १९८६ साली, वाचन हेच गुणाकाराच्या रूपात मांडलं होतं: उलगडणं, म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं, गुणिले भाषा समजणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर वाचनही शून्य.

इंग्रजीची मुख्य अडचण ही, की एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. मराठीत ती अडचण थोडी आहे. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि अनुस्वार एवढीच काय ती नावं घेता येतील. आपली अडचण संख्येची आहे. ङ आणि ञ बाजूला ठेवले तरी ३२ व्यंजनं उरतात, आणि प्रत्येकाची बारा रूपं धरली तर ३८४ आकृत्या होतात. जोडाक्षरं त्यावर आणखी. कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की मुलांचं अक्षरज्ञान पहिलीत पुरं होत नाही, पुढची काही वर्षं वाढत राहतं. कन्नडची लिपी आपल्यासारखीच मात्रांची, म्हणून हे मराठीलाही लागू पडतं. ‘सगळी अक्षरं आली की मग वाचन’ असा हट्ट धरला, तर वाचन दोन-दोन वर्षं पुढे जातं आणि तोवर मुलाला अभ्यासाचा कंटाळा येऊन जातो.

अक्षरांचे छोटे गट करून त्यांतूनच शब्द वाचायला देण्याची वाट महाराष्ट्रात नवी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी ती खूप आधी घालून दिली.

आधी कान

पाटी-पेन्सिल काढण्याआधी दोन आठवडे, रोज पाच-सात मिनिटं फक्त तोंडी खेळा. शब्द टाळ्यांत तोडायचा: चि-म-णी, तीन टाळ्या. ‘पा’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधायच्या. गावांच्या भेंड्या लावायच्या; शेवटचं अक्षर पकडायची सवय त्यातून सहज लागते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा खेळ जोडण्याचा. तुम्ही सुटंसुटं म्हणा: ‘का… गद’, मग ‘टो… पी’, मग ‘क… म… ळ’. मुलाने शब्द ओळखायचा. दहांपैकी आठ शब्द ओळखता आले की अक्षरांकडे वळा. ज्या मुलाला ऐकलेले तुकडे जोडता येत नाहीत, त्याला पाहिलेले तुकडेही जोडता येणार नाहीत. वर्षभर अक्षरं गिरवूनही न वाचणाऱ्या मुलाकडून आधी हा खेळ करून घ्या. पुष्कळदा अडलेलं इथेच सापडतं.

अक्षरगट कसे लावायचे

गट लावताना तीन गोष्टी बघायच्या. त्या अक्षरांतून मुलाच्या ओळखीचे शब्द व्हायला हवेत. दिसायला सारखी अक्षरं एका गटात नकोत: घ-ध, म-भ, य-थ, व-ब, प-ष या जोड्यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं. आणि स्वर व त्याची मात्रा एकत्र यायला हवी, म्हणजे ‘आ’ शिकवला त्याच आठवड्यात काना.

पहिला गट: क, म, न, ल, आ आणि काना. एवढ्यावर मन, कान, नाक, काम, लाल, काल, मला, मामा, कमान हे शब्द होतात, आणि ‘मामा काल आला’ हे पूर्ण वाक्यही. पहिल्याच आठवड्यात वाक्य वाचलं की मुलाला कळतं, या खुणा काहीतरी सांगतात. हे कळणं बाराखडीपेक्षा मोलाचं आहे.

दुसरा गट: र, घ, त, स, ई आणि दुसरी वेलांटी. घर, रात, सात, तीन, आरसा, मासा, आरती. ‘आई घरी आली’.

तिसरा गट: प, ट, ग, व, ए आणि त्याची मात्रा. पाटी, पेला, वेल, वारा, एक, पेटी. ‘काका गावाला गेले’. वडीलधाऱ्यांविषयी आदराने लिहायला ही मात्रा लागते, म्हणून ती उशिरा ठेवू नका. नाहीतर मुलाला घरात कोणी बोलत नाही असली वाक्यं वाचावी लागतात.

चौथा गट: द, ळ, च, ओ आणि काना-मात्रा. मोर, पोळी, टोपी, चोच, सकाळ, कमळ. ‘सकाळी दोन मोर आले’.

पाचव्यात ब, ज, ड, ऊ आणि दुसरा उकार घ्या: गाडी, लाडू, पेरू, ऊस. सहाव्यात य, ह, श, इ आणि पहिली वेलांटी. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली आहे: ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय पक्की होण्याआधी ती आली तर मूल गोंधळतं. सातव्यात ण, ख, फ, उ, पहिला उकार आणि अनुस्वार. इथे ‘पुणे’ वाचता येतं. आठव्यात भ, थ, ध, झ, ऐ, औ. नवव्यात उरलेली छ, ठ, ढ, ष, ऋ, ॲ, ऑ, विसर्ग, क्ष आणि ज्ञ.

एका गटाला दोन आठवडे द्यायचे. दर तीन गटांनंतर एक आठवडा नवीन काही नाही, फक्त वाचन. गट संपला की नाही ते कॅलेंडर बघून ठरवू नका. त्या गटातले दहा शब्द उलटसुलट क्रमाने दाखवून आठ बरोबर आले तरच पुढे जायचं.

साहित्य

जाड कार्डशीटचे साधारण ७ बाय ५ सेंटिमीटरचे तुकडे, काळा जाड मार्कर, अक्षराची उंची निदान ४ सेंटिमीटर. प्रत्येक व्यंजनाची दोन कार्डं करा, नाहीतर ‘मामा’ मांडताच येणार नाही. मात्रा पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर काढा, म्हणजे एकच काना क, म, न या सगळ्यांवर ठेवून बघता येतो. मात्रा लाल आणि अक्षर काळं अशी कार्डं बाजारात मिळतात; पहिले काही दिवस ठीक, पण पुढे रंग काढून टाका. पुस्तकातली मात्रा लाल नसते.

फोनवरून छापील तक्ते काढताना ल आणि श नीट बघा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे, आणि पाठ्यपुस्तकांतही तोच असतो. बरेच फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. नुकतं अक्षर शिकणाऱ्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

रोजचा अर्धा तास

पहिली तीन मिनिटं जुनी कार्डं. भराभर दाखवायची; आलेलं कार्ड एका बाजूला, अडलेलं दुसऱ्या बाजूला. अडलेली तीनपेक्षा जास्त असतील तर त्या दिवशी नवीन अक्षर नाही.

पुढची सात मिनिटं नवीन अक्षर. आधी ध्वनी: ‘घर, घास, घार, घोडा, सुरुवातीला काय ऐकू आलं?’ मग आकार दाखवा. मग मुलाने बोटाने हवेत, मग ताटातल्या रव्यात, मग पाटीवर मोठं काढायचं. काढताना तोंडाने ध्वनी म्हणायचा, अक्षराचं वर्णन नाही. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी, सगळ्या अक्षरांवरून एकदम ओढायची. तिच्यामुळे शब्द कुठे संपला ते डोळ्यांना कळतं.

मग पाच मिनिटं शब्द जुळवणं. ‘कान’ मांडा. आता न काढून म ठेवा: काम. म काढून ल: काल. मग क काढून ल: लाल. एका वेळी एकच कार्ड बदलायचं आणि प्रत्येक बदलानंतर मुलाने वाचायचं. तुम्ही आधी वाचून दाखवलं तर मूल फक्त तुमच्यामागून म्हणेल.

पाच मिनिटं श्रुतलेखन. तीन शब्द आणि गट दुसरा-तिसरा झाला की एक छोटं वाक्य. लिहिताना मुलाला शब्दातला प्रत्येक ध्वनी क्रमाने पकडावा लागतो, आणि वाचताना तेच उलट दिशेने करायचं असतं, म्हणून हे टाळू नका. या वयात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने गिरवायच्या नाहीत. ‘पाटी’ऐवजी ‘पाटि’ लिहिलं तरी मुलाने ध्वनी बरोबर पकडलेले आहेत. बरोबर लिहिलेला शब्द शेजारी दाखवा, पुरे.

शेवटची दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची, आणि ती मुलाच्या स्वतःच्या वाचनाच्या कितीतरी पुढची असावी. ओळीखाली बोट फिरवा, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारा, एखाद्या नव्या शब्दाचा अर्थ बोलण्याच्या ओघात सांगा. वेळ कमी पडला तर कार्डं कमी करा, ही दहा मिनिटं कापू नका. गुणाकारातली दुसरी बाजू इथेच वाढते.

काय बिघडतं आणि का

‘क कमळाचा’ चिकटून राहतं. ‘कमळ’ दाखवल्यावर मूल ‘क कमळाचा, म मगरीचा…’ असं म्हणत बसतं. अक्षराची ओळख करून देताना शब्द आणि चित्र चालेल, पण दुसऱ्या दिवसापासून कार्डावर चित्र नको आणि तोंडात फक्त ध्वनी. मात्रांच्या नावांचंही तसंच. ‘क ला काना का’ म्हणणाऱ्या मुलाला प्रत्येक अक्षरासाठी चार शब्द बोलावे लागतात, तोवर शब्दाची सुरुवात विसरलेली असते. थेट ‘का’ म्हणायला शिकवा.

बाराखडी म्हणता येते, पण अक्षर ओळखता येत नाही. खूण सोपी आहे: ‘मो’ दाखवल्यावर मूल म, मा, मि, मी… म्हणत मो पर्यंत पोहोचतं. ते पाठांतर आहे, ओळख नाही. मात्रा आडव्या शिकवा: का, मा, ना, ला; मग के, मे, ने, ले. मग उड्या मारत: मे, का, नी, लो. बाराखडीचा तक्ता भिंतीवर जरूर असावा. सगळे गट झाल्यावर तो मुलाला स्वतः शोधायला उपयोगी पडतो. अडचण त्याच्यापासून सुरुवात करण्यात आहे.

अक्षरं येतात पण शब्द होत नाही. मूल ‘घऽ… रऽ’ म्हणतं आणि ‘घर’ ऐकू येत नाही. कारण असं, की आपण सुटं अक्षर शेवटी अ लावून म्हणतो, पण शब्दाच्या शेवटी तो अ मराठीत सहसा उच्चारला जात नाही. मधलाही पुष्कळदा गळतो: लिहितो ‘सरबत’, म्हणतो ‘सर्बत’. याचा नियम मुलाला सांगायचा नाही. अक्षरं लांबवू नका, पहिल्यावरून दुसऱ्यावर बोट पटकन सरकवा, आणि ‘आता बोलतो तसं म्हण’ एवढंच सांगा. मूल ओळखीच्या शब्दाशी उच्चार जुळवून घेतं. सुरुवातीचे शब्द ओळखीचे हवेत ते यासाठीच. ‘नभ’, ‘रथ’, ‘खग’ असले शब्द मात्रा नसल्यामुळे सोपे मानले जातात, पण न ऐकलेला शब्द बरोबर वाचला तरी मुलाला तो लागला हे कळत नाही.

घ-ध, म-भ, य-थ यांची सरमिसळ होते. इथे नजर शिरोरेषेवर आणायची. घ, म, य यांच्यावरची रेषा सलग असते; ध, भ, थ यांच्यावरची डावीकडे तुटलेली असते. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून तुटलेल्या जागेवर बोट ठेवायला सांगा. ही तुलना दोन्ही अक्षरं वेगवेगळी पक्की झाल्यावरच करायची. आधी केली तर गोंधळ आपणच पेरतो.

‘किती’ वाचताना ‘कती’ किंवा ‘इकती’. पहिल्या वेलांटीचं कार्ड अक्षराखालून सरकवून डावीकडे आणा आणि सांगा, ही खूण आधी दिसते, पण बोलायची नंतर. आठवडाभर दि, कि, शि, चि एवढंच सुटं आणि शब्दात घ्या.

चित्र बघून वाचणं. पानावर ‘माठ’ लिहिलं आहे आणि मूल ‘मडकं’ म्हणतं. अर्थाच्या जवळ गेलं म्हणून शाबासकी देऊ नका. चित्रावर हात ठेवा आणि शब्दातल्या दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवून विचारा, ‘हे काय आहे?’ चित्र गोष्टीवर बोलायला आहे, शब्द ओळखायला नाही. पाठ्यपुस्तकाचं पान पाठ झालेलं असेल तर वाक्य शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. खात्री करायची तर बनावट शब्द द्या: ‘टमीका’, ‘लोगपा’, ‘सेवूर’. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वयाच्या मुलांची जी चाचणी होते, तिच्या चाळीस शब्दांतले वीस असे बनावट असतात, कारण ते पाठ असूच शकत नाहीत. मराठीत दहा पुरे.

च आणि ज बद्दल फारसं काही करावं लागत नाही. चंद्र आणि चांदोबा यांतला च वेगळा आहे हे मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला ठाऊक असतं. अडलंच तर ‘दोन्हीपैकी कुठला शब्द आपण बोलतो?’ एवढं विचारा.

जोडाक्षरं

‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘म्हणाला’ हे शब्द इतके नेहमीचे आहेत की त्यांच्यासाठी थांबता येत नाही. सहाव्या गटानंतर ‘म्ह’ एक अक्षर म्हणूनच ओळखीचं करून द्या. बाकीच्यांचा क्रम असा ठेवा: आधी तेच अक्षर दोनदा, जसं पक्का, गच्ची, चप्पल, दिल्ली, मग उभा दंड काढून होणारी, जसं स्वच्छ, पुस्तक, ग्लास, मग पाय मोडलेली आणि एकाखाली एक बसणारी, जसं विद्या, युद्ध, लठ्ठ. प्रत्येक प्रकाराला एक आठवडा.

र ला मात्र पूर्ण दोन आठवडे द्या, कारण तो चार वेषांत येतो. चक्र आणि प्रकाश यांतला तिरका. ट्रक आणि महाराष्ट्र यांतला पायाखालचा. पर्वती आणि सर्प यांतला रफार. आणि वाऱ्याचा, कऱ्हाड यांतला अर्धचंद्रासारखा. सगळ्यात जास्त चुका रफाराच्या. ‘पर्वती’चं मूल ‘पवर्ती’ करतं, कारण रफार ‘व’च्या डोक्यावर दिसतो. सांगायचं एवढंच: ज्याच्या डोक्यावर रफार, त्याच्या आधी र म्हणायचा. चौथा प्रकार दुसरी-तिसरीपर्यंत ठेवला तरी चालेल, पण शिकवाल तेव्हा जोडी घेऊन शिकवा: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या, आचार्यांना नमस्कार, आचाऱ्यांना स्वयंपाकाची ऑर्डर.

पाट्या आणि पुस्तकं

पुण्याच्या बसथांब्यांवरच्या आणि दुकानांवरच्या पाट्या हे फुकट आणि उत्तम वाचनसाहित्य आहे, पण गटाप्रमाणे निवडायला हवं. पाचव्या गटानंतर वाकड, वारजे, कसबा वाचता येतात. सहाव्यानंतर निगडी, येरवडा, बिबवेवाडी आणि हडपसर. हडपसरला एकही मात्रा नाही, पण मधला अ गिळावा लागतो, म्हणून ते दिसतं तितकं सोपं नाही. सातव्यानंतर मंडई, खडकी, बाणेर. आठव्यानंतर औंध, कोथरूड, धनकवडी. जोडाक्षरं आल्यावर कात्रज, पर्वती, स्वारगेट. चतुःशृंगी सगळ्यात शेवटी. बसच्या कपाळावर सरकत जाणाऱ्या दिव्यांच्या अक्षरांपासून सुरुवात करू नका, ती नवशिक्याला झेपत नाहीत.

अप्पा बळवंत चौकात पुस्तक घेताना मुखपृष्ठावरच्या वयावर जाऊ नका. मधलं एक पान उघडा आणि मोजा: दहा शब्दांत एकापेक्षा जास्त शब्द मुलाला न शिकवलेल्या अक्षराचे असतील, तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं आहे, मुलाने वाचायचं नाही. दोन्ही प्रकारची पुस्तकं लागतात, फक्त त्यांची अदलाबदल करायची नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळ्यांनुसार विनामूल्य मिळतात, छापूनही घेता येतात. मात्र पहिल्या पातळीतही जोडाक्षरं असतात, म्हणून तिथेही हीच मोजणी करा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक ओघाने वाचू लागलेल्या, तिसरी-चौथीच्या पुढच्या मुलांसाठी ठेवा.

मोजायचं कसं

दर सहा आठवड्यांनी, मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या धर्तीवर बघा: पाच अक्षरं, पाच शब्द, चार सोप्या ओळींचा परिच्छेद, आठ-दहा ओळींची गोष्ट. अक्षरांत आणि शब्दांत पाचांपैकी चार बरोबर म्हणजे ती पायरी पार. परिच्छेद मात्र सुटे शब्द म्हणून नव्हे, वाक्य म्हणून वाचला पाहिजे. गोष्ट वाचल्यावर दोन प्रश्न विचारा, एक गोष्टीत उत्तर असलेला आणि एक विचार करायला लावणारा.

केंद्र सरकारच्या, २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी निदान ६० शब्द असं लक्ष्य आहे. मराठीत हे आकडे जरा जपून वापरा. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात: ‘शाळेतल्यासारखं’ हा एक शब्द मोजला जातो. असे शब्द मूल अडखळत वाचत असेल तर ते शाळे-तल्या-सारखं असं तोडून दाखवा, आणि आठवडाभर ‘घरातल्या, घरासमोर, घराजवळचा’ अशी एकाच शब्दाची रूपं वाचायला द्या. ओघ वाढवायला तेच पान दोन-तीन दिवस पुन्हा वाचणं घड्याळ लावण्यापेक्षा उपयोगी पडतं. पहिलीच्या मुलासमोर स्टॉपवॉच धरूच नका.

घरची भाषा वेगळी असेल तर

‘पाणी’ हा शब्द मोठ्याने ‘पानी’ असा वाचणाऱ्या मुलाने तो बरोबर वाचलेला आहे. घरी ण किंवा ळ वेगळा बोलला जात असेल तर ती वाचनाची चूक नाही, आणि वर्गात त्यावरून हसू तर मुळीच होता कामा नये. त्या एका हसण्याने मुलं मोठ्याने वाचणं सोडतात. लिहिताना मात्र ण दाखवा.

बांधकामांवरच्या वस्त्यांतली कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात, तेव्हा गटातले शब्द आधी तोंडी ओळखीचे करून घ्यावे लागतात. वस्तू दाखवा, नाव बोला, वापरा, मग वाचा. शब्दांची यादीही त्यांच्याप्रमाणे बदला. काम, लाल, पान, मामा हे शब्द हिंदी बोलणाऱ्या मुलांना लगेच लागतात.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांची गोष्ट निराळी. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, पण आठवड्याच्या मोजक्या तासांत वाचन बसत नाही. ही मुलं जोडायला आधीच शिकलेली असतात, म्हणून गट लवकर संपतात, एका आठवड्याला एक. त्यांचं अडतं त-ट, द-ड, न-ण या जोड्यांत आणि मात्रांत, कारण इंग्रजीत स्वर वेगळं अक्षर म्हणून ओळीत येतो. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून देण्याची सवय पहिल्याच दिवशी बंद करा.

तिसरी-चौथीत असूनही वाचता येत नसेल तर

पहिल्या गटापासून सुरू करा, पण पहिलीचं पुस्तक हातात देऊ नका. त्याची लाज वाटते. त्याच अक्षरांतून त्याच्या वयाचा मजकूर करा: क्रिकेटच्या धावा, बसचे थांबे, भाज्यांचे भाव. आधी वरची चार पायऱ्यांची तपासणी करून नेमकं कुठे अडलं आहे ते शोधा. बहुतेकांना सुटी अक्षरं येत असतात आणि मात्रांत गळती असते. अशांना एका गटाला तीन-चार दिवस पुरतात. रोज ४५ मिनिटं, एका पातळीची सात-आठ मुलं एकत्र, मग ती कुठल्याही इयत्तेतली असोत. शाळेतल्या इतिहास-विज्ञानाचे धडे तोवर कोणीतरी वाचून दाखवले पाहिजेत, नाहीतर वाचन येईपर्यंत बाकीचं सगळं मागे पडतं.

पाच-सहा महिने रोज नीट सराव होऊनही मोजकीच अक्षरं टिकत असतील, कालचं आज पार पुसलं जात असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर शाळेला सांगून बालरोगतज्ज्ञांकडून अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीची दिशा विचारा. औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं, पण त्यासाठी शिकवणं थांबवायचं नाही; गट तेच, वेग निम्मा, आणि रव्यातलं गिरवणं दुप्पट. जाताना रोजच्या कार्डांची नोंदवही बरोबर न्या. कुठली अक्षरं किती आठवडे अडली हे तारखांसकट लिहिलेलं असेल, तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.